घणाचा ठोका किती खोल जातो : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन १७ जानेवारीला आहे. आमच्या वाट्याला विषय आला, पृथ्वीचं अंतरंग. म्हणजे दरवर्षीचा थर्माकोलचा अर्धा गोळा, त्याला लाल-नारंगी-पिवळे पट्टे आणि टाचणीवर चिकटवलेली नावं. असे चार गोळे या शाळेत मी पाहिलेत. एक अजून कपाटावर आहे, उंदरांनी प्रावरणापर्यंत, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या थरापर्यंत, कुरतडलेला. यंदा गोळा करायचा नाही, एवढं आज ठरलं.

नववीची चार मुलं घेतली. वहीत नावं लिहीत नाही, कामावरूनच ओळख ठेवतो: घणवाला, वायरवाला, वहीवाली आणि शंकावाली.

सुरुवात वहीवालीनं केली. यंदा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. इकडे पुसद तालुक्यातही तो जाणवला. तिच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली. "आई म्हणे मांजर शिरली. मांजर त माह्यापाशी झोपून होती."

मग शंकावालीचा प्रश्न आला: "सर, पुस्तकात २९०० किलोमीटरवर गाभा लिहेल हाय. कोणी जाऊन पाह्यला?"

कोणीच नाही. माणसानं केलेलं सगळ्यांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० मध्ये खोदायला सुरुवात केली, १९८९ पर्यंत १२ किलोमीटर २६२ मीटर झालं आणि तिथं अडलं. खाली १०० अंशांच्या आसपास उष्णता असेल असा हिशेब होता, निघाली १८०. खडक कणकेसारखा वागायला लागला, काढलेलं भोक पुन्हा मिटायला लागलं.

"मंग २९०० कोणी मोजले?"

प्रकल्प हाच. चौकटीत लिहून वहीच्या पहिल्या पानावर टाकला.

५ डिसेंबर, गुरुवार

मैदानावर पृथ्वी काढली. प्रमाण १ मिलिमीटर म्हणजे १ किलोमीटर. मधोमध खुंटी, ६ मीटर ३७ सेंटिमीटरची दोरी आणि दोरीच्या टोकाला फक्कीचा डबा. आत ३ मीटर ४८ सेंटिमीटरवर गाभ्याची रेघ. त्याच्या आत १ मीटर २२ सेंटिमीटरवर अंतर्गाभा. तेवढ्यात आमची चारही मुलं पाय पसरून बसली.

घोळ भूकवचावर झाला. खंडांखाली ते सरासरी ३५-४० किलोमीटर जाड, म्हणजे आमच्या चित्रात चार बोटंसुद्धा नाही. फक्कीची रेघच तेवढी जाड पडली होती, त्यामुळे सगळं कवच रेघेतच गडप झालं. कोलाचं भोक १२ मिलिमीटर. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला पाडलेलं विवर ३ किलोमीटरचं, म्हणजे ३ मिलिमीटर. त्यात सव्वा किलोमीटर आपलाच काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलं, तिथं बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला हा लाव्हा बहुतेक महाराष्ट्रावर पसरला. आमच्या चित्रात तो पापुद्रासुद्धा नाही.

आणि आमची विहीर? ४० फूट. वायरवाल्यानं हिशेब केला: ०.०१२ मिलिमीटर. डोक्याचा केस उपटून शेजारी धरला, तो याच्या पाच-सहा पट जाड.

खेळाच्या सरांचा निरोप: शनिवारी कबड्डी आहे, तुमची पृथ्वी पुसून ठेवा.

९ डिसेंबर, सोमवार

आज किराणा दुकानाच्या काट्यावर प्रयोग. नाल्यातला काळा दगड, घासून धुतलेला. वजन १ किलो ७४० ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या बादलीत सुतळीनं सोडला, सांडलेलं पाणी परातीत धरून मोजपात्रात ओतलं, ६०० मिलिलिटर. भागाकार २.९. म्हणजे आपला दगड पाण्याच्या २.९ पट जड. (पहिल्या वेळी ३.४ आलं होतं. परात पाट्यावर तिरकी ठेवल्यामुळे थोडं पाणी बाहेरच गेलं. दुकानदाराची मिरची भिजली, तिचे १० रुपये मी दिले.)

आता दुसरा आकडा. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं लंडनला अख्खी पृथ्वी तोलली. एका आडव्या दांडीच्या टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे लावून दांडी बारीक तारेनं टांगली. शेजारी प्रत्येकी दीडशे किलोच्या वरचे दोन मोठे गोळे आणले. मोठे गोळे छोट्यांना किती ओढतात ते तारेच्या पिळावरून मोजलं. आपल्या अंगाच्या उष्णतेनं हवा हलू नये म्हणून हा गडी बंद खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून बघायचा. त्याला पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट मिळाली. पुढे कोणी तपासलं तर सरासरी काढताना चूक झालेली निघाली, खरं उत्तर ५.४५ यायला हवं होतं. आज ५.५१ मानतात. दोनशे वर्षांपूर्वी, एका खोलीत.

वहीवालीनं फळ्यावर २.९ आणि ५.५ शेजारी शेजारी लिहिले. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून, आमच्या गटातही नसलेल्या पोराचा आवाज: "सर, म्हणजे पोटात लोखंड हाय."

एवढं सरळ नाही, पण वाट हीच. वरचा दगड हलका आणि सरासरी जड, तर आत फारच जड काहीतरी असलं पाहिजे. आकाशातून पडणाऱ्या उल्कांत काही निव्वळ लोखंड-निकेलच्या असतात, त्यावरून संशयही लोखंडावरच जातो. पण ते आत कुठं सुरू होतं, घट्ट आहे की पातळ, हे काटा सांगत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

वायरवाल्यानं घरून हिशेब करून आणला. दर किलोमीटरला साधारण २५ अंश वाढतात, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, तर मध्यभागी १,५९,२७५ अंश! सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. फारच उकडलं म्हणायचं.

वरच्या दोन-चार किलोमीटरांत मिळालेला चढ तळापर्यंत तसाच धरून चालत नाही. खरा आकडा पाच-सहा हजारांचा आहे. तो काढायची रीत वेगळी: हिऱ्याच्या दोन टोकांत लोखंडाचा कण चिरडून, त्यावर गाभ्याएवढा दाब देऊन, ते किती अंशांवर वितळतं हे प्रयोगशाळेत बघतात. त्याचा हिशेब खोडला नाही, वहीत तसाच ठेवला.

१४ डिसेंबर, शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. प्रार्थनेनंतर पंधरा मुलं एका रांगेत उभी केली, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याला म्हटलं, ढकल. ढकला सरसर पुढे गेला आणि पहिला पोरगा तोंडावर पडता पडता वाचला. ही प्राथमिक लाट, पी. मग शेवटच्याला डावी-उजवीकडे डोलायला लावलं. डोलणंही पुढे गेलं, पण रमतगमत. ही दुय्यम लाट, एस.

आता हात सोडायला लावले. खेटून उभे राहा, पण कोणी कोणाला धरायचं नाही. तुम्ही आता पाणी झालात. ढकला तरीही गेला, धडका देत देत. डोलणं मात्र दुसऱ्या पोरापाशीच थांबलं. तो म्हणाला, "मले कोणी ओढलंच नाई, मी काहून हलू?"

इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नसतं. द्रवाला आडवी ओढ पुढे देता येत नाही, म्हणून एस लाट त्यातून जात नाही.

दोन लाटांच्या वेगातला फरकही इथंच सांगून टाकला. वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायचे, हे मुलांना घरीच माहीत आहे. जवळच्या भूकंपाचंही तसंच. पी आणि एस यांच्यामधले सेकंद मोजा, आठनं गुणा, ढोबळ किलोमीटर मिळतात.

या लाटा नोंदींवर वेगवेगळ्या ओळखणारा माणूस आपल्याकडे नोकरीला होता. रिचर्ड ओल्डहॅम, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातला. १२ जून १८९७ ला आसामात महाभूकंप झाला. त्याच्या लाटा युरोपातल्या यंत्रांवर उमटल्या. त्यांचे कागद बघताना त्याला तीन वेगळ्या झुंडी दिसल्या: आधी पी, मग एस, मग पृष्ठभागावरून रेंगाळत आलेल्या. १९०६ मध्ये त्यानं पुढचं पाऊल टाकलं. फार लांबच्या ठिकाणी लाटा हिशेबापेक्षा उशिरा पोचतात, म्हणजे मधे काहीतरी वेगळं आहे. तो गाभा. आसामातल्या धक्क्यावरून युरोपात बसून पृथ्वीचं पोट तपासायची सुरुवात झाली.

शंकावाली: "सर, मंग प्रावरणातून एस जाते का नाई?"

जाते. आणि म्हणूनच प्रावरण घट्ट आहे. पुस्तकातल्या चित्रात ते लालभडक रंगवतात आणि सगळ्यांना वाटतं खाली लाव्ह्याचा समुद्र उकळतोय. लाखो वर्षांच्या हिशेबात ते सरकतं, हे खरं. पण लाटेच्या हिशेबात दगडच. लाव्हा होतो तो थोड्या जागी, थोडा भाग वितळून.

१८ डिसेंबर, बुधवार

आता स्वतः मोजायचं. यंत्र असं: बझरमधली पितळी चकती, तिच्यावर दाब पडला की वीज निघते. ती बाटलीच्या झाकणात एम-सीलनं बसवली, झाकणाखाली सहा इंची खिळा. खिळा जमिनीत ठोकला की जमीन हलेल तशी चकती दबते. अशा दोन. एक घणाजवळ, एक लांब. दोन्हींच्या तारा लॅपटॉपच्या माईकच्या भोकात, एक डावा कान, एक उजवा. ऑडासिटी या आवाज नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रेघा उमटतील, त्यांच्यातलं अंतर म्हणजे लाटेला लागलेला वेळ. सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात, त्यामुळे हजारावा भागसुद्धा सहज वाचता येतो.

कागदावर झकास. प्रत्यक्षात दोन्ही रेघा हुबेहूब एकसारख्या. वायरवाल्यानं लांबची चकती उपटून खिशात घातली, तरी दोन्ही रेघा एकसारख्याच! दीड तास गेला. माझ्या लॅपटॉपचं माईकचं भोक एकच कान ऐकतं आणि तेच दोनदा दाखवतं.

२१ डिसेंबर, शनिवार

गावातल्या डीजेवाल्याकडे यूएसबीवर चालणारा छोटा मिक्सर आहे, दोन वेगळ्या भोकांचा. लग्नाची तारीख नसेल तेव्हा न्या, म्हणाला. माईकची २५ मीटर वायरही दिली. "फुटली त भरून द्या लागीन, मास्तर."

२४ डिसेंबर, मंगळवार

मैदानावर पहिली चाचणी. वेल्डिंगवाल्याकडून तव्याएवढी लोखंडी पाटी आणली, ती जमिनीवर ठेवून घणवाल्यानं घण हाणला. चकती २० मीटरवर.

रेघेवर ५० हर्ट्झचा गुणगुणाट, शाळेवरून तार गेली आहे. सव्वाअकराला वीज गेली आणि रेघ नितळ झाली. वीज गेल्याचा आनंद साजरा करणारी तालुक्यातली आमची ही पहिलीच शाळा असावी.

पाच ठोके. सरासरी ५८ मिलिसेकंद. २० भागिले ०.०५८, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर. मी खूश. मुलांनाही टाळ्या वाजवायला लावल्या.

शंकावाली टाळ्या वाजवत नव्हती. "सर, हे त आवाज झाला ना. ३४० च्या वर थोडंसं, हवेतला."

बरोबर होतं तिचं. पाटीचा खणखणाट हवेतून येऊन चकतीवर आदळत होता आणि आम्ही त्यालाच जमीन समजत होतो. टाळ्या परत घेता येत नाहीत.

उपाय: चकती वीतभर खड्ड्यात पुरायची, वर ओलं पोतं. आणि रेघेवरची मोठी उसळी वाचायची नाही, तिच्या आधी जी बारीकशी थरथर येते ती वाचायची. पुन्हा बघितलं तर ती पहिल्या नोंदींतही होती. आम्ही तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

२८ डिसेंबर, शनिवार

नाल्यात पाणी नाही, तळाचा उघडा काळा खडक मिळाला. खिळा जाईना, झाकण मेणानं चिकटवलं. २० मीटरला ७ मिलिसेकंद. सेकंदाला २८५० मीटर! आवाजाच्या आठपट. अखंड बेसाल्टमध्ये पाच हजारांच्या वर जातो, हा भेगाळलेला.

घणवाल्याच्या तळहाताला फोड. एक दिवस सुट्टी.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

सोयाबीन निघालेलं रिकामं शेत, काळी माती, भेगा पडलेल्या. शेजारी कापसाची वेचणी चालू, बाया मधूनमधून हात थांबवून बघत होत्या. पाटी एका जागी, चकती २ मीटरपासून सरकवत २४ मीटरपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पाच ठोके, सरासरी वहीवालीच्या वहीत:

२ मीटर – ५ मिलिसेकंद
४ मीटर – १०
६ मीटर – १५
८ मीटर – १९
१२ मीटर – २१.५
१६ मीटर – २३.५
२० मीटर – २६
२४ मीटर – २८

सहा मीटरपर्यंत सगळं सरळ: दर दोन मीटरला पाच मिलिसेकंद, वेग ४००. मग बारा मीटरला तीस यायला हवे होते, आले साडेएकवीस. वायरवाल्याला वाटलं वायर कुठेतरी तुटली. पुन्हा ठोकलं, साडेएकवीसच. आलेख कागदावर बिंदू मांडले आणि रेघ साडेसात मीटरच्या आसपास चक्क मोडली. आधी उभी चढण, पुढे जवळपास आडवी. पुढच्या तुकड्याचा वेग १८०० च्या आसपास.

घणवाला घण टेकवून बघत होता. "माती तर तीच हाय, मग इथून पुढं लाट धावाले काहून लागली?"

उत्तर आज दिलं नाही. उद्या रविवार, शेतातच या म्हटलं, विहिरीवर.

५ जानेवारी, रविवार

आधी रस्त्याची गोष्ट. आमच्याकडून संभाजीनगरला गाडीनं जाणारे काही लोक सरळ वाट सोडून आधी वाशिमच्या बाजूला वर जातात आणि समृद्धीवर चढतात. अंतर जास्त, पण एकदा वर चढलं की गाडी सुटते. जवळच्या गावाला जायचं तर हा वळसा परवडत नाही. लांब जायचं तर तोच आधी पोचवतो. लाटेचंही तेच. मातीतून सरळ जाणारी लाट जवळच्या चकतीला आधी पोचते. पण एक लाट खाली उतरते, टणक थर गाठते, त्यातून भरधाव जाते आणि परत वर येते. साडेसात मीटरच्या पुढे ती जिंकते.

मग तो थर किती खोल? मोडीचं अंतर निम्मं करायचं: ३.७५. दोन वेगांची वजाबाकी १४००, बेरीज २२००, भागाकाराचं वर्गमूळ ०.८. गुणाकार ३ मीटर. दहा फुटांना थोडं कमी.

आता विहीर. टेपला दगड बांधून काठावरून सोडला, घणवाला पायऱ्यांवरून उतरून थर सांगत गेला. साडेसात फूट काळी माती. मग अकरा फुटांपर्यंत चुनखडीची पांढरट, भुसभुशीत माती. अकराला मुरूम. एकोणीसच्या खाली मांजऱ्या दगड, पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी चोवीस फुटांवर, म्हणजे आम्ही मुरमाऐवजी पाण्यालाच आपटलो असं म्हणायलाही जागा नाही.

आमचं उत्तर जेमतेम दहा, विहिरीचं अकरा. एका फुटाचा फरक. घणवाला खालून ओरडला, "सर, न खोदता समजलं!" विहिरीत आवाज घुमतो, वेचणीवाल्या बायांनीही ऐकला.

अगदी हेच ८ ऑक्टोबर १९०९ च्या भूकंपानंतर घडलं होतं. क्रोएशियात झाग्रेबजवळच्या कुपा नदीच्या खोऱ्यात धक्का बसला. आंद्रिया मोहोरोविचिचनं ठिकठिकाणच्या नोंदी गोळा केल्या. त्याला लांबच्या ठिकाणी दोन-दोन पी लाटा दिसल्या, एक लवकर आलेली, एक उशिरा. त्यावरून त्यानं खालचा वेगवान थर ओळखला आणि खोली काढली ५४ किलोमीटर. कवच संपून प्रावरण सुरू होतं ती ही सीमा, पुस्तकातली 'मोहो'. त्याचं आडनाव फळ्यावर लिहायला मलाच दोनदा पुसावं लागलं.

त्याच्याकडे घणाऐवजी भूकंप होता आणि २४ मीटरऐवजी शेकडो किलोमीटर. जितकं खोल बघायचं तितकं लांब जाऊन उभं राहावं लागतं, हे शंकावालीनं स्वतः वहीत लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

७ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी तिबेटात मोठा भूकंप झाला, ७.१ तीव्रतेचा. शंभरावर माणसं गेली. आज प्रकल्पाचं काम केलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत वहीवालीनं विचारलं, त्याची लाट आपल्याकडे आली असंल का? नकाशावर मोजलं, सुमारे १४०० किलोमीटर. प्रावरणाच्या वरच्या भागात पी सेकंदाला आठ किलोमीटरनं जाते. तीन मिनिटांत आपल्या गावाखालून निघून गेली असणार. आई चहा ठेवत होती तेव्हा, ती म्हणाली.

१० जानेवारी, शुक्रवार

मैदान रिकामं मिळालं, पृथ्वी पुन्हा काढली. परिघावर एका ठिकाणी खुंटी ठोकली, तो भूकंप. तिथपासून परिघावरून साडेअकरा मीटर मोजून एक मुलगा उभा केला, पावणेसोळा मीटरवर दुसरा. मधल्या खुंटीपाशी कोन मोजला तर हे १०४ आणि १४२ अंश. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात पी लाट थेट पोचत नाही. तो छायाप्रदेश. गाभ्यात शिरणारी लाट वाकते, त्यामुळे मधे सावली पडते. या सावलीवरूनच बेनो गुटेनबर्गनं १९१४ च्या सुमारास गाभा २९०० किलोमीटरवर सुरू होतो हे काढलं. एस तर १०४ अंशांच्या पलीकडे थेट येतच नाही. हॅरॉल्ड जेफ्रीजनं १९२६ मध्ये गाभा द्रव असल्याचं दाखवलं.

पहिल्या पानावरच्या चौकटीचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार, तेवढ्यात शंकावालीनं खुंटीपासून दोरी ताणली, गाभ्याच्या रेघेला जेमतेम चाटून पलीकडे नेली. दोरी परिघावर साडेअकराला पोचली नाही, साडेबाराच्याही थोडी पुढे गेली. "चुकलं कोणाचं, सर?"

दोरीचं. दोरी सरळ जाते, लाट जात नाही. खोल जाल तसा वेग वाढतो, म्हणून लाट वाकत वाकत वर उचलली जाते आणि आधीच बाहेर पडते. दोघींनी दोरी ढिली सोडून तसा बाक देऊन पाहिला, मग साडेअकराला बसली.

आणि मग त्या सावलीत कोणीतरी अंधूक प्रकाश पाहिला. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मर्चिसनजवळ भूकंप झाला, त्याच्या फिकट पी लाटा छायाप्रदेशात, जिथे यायलाच नको तिथे, उमटलेल्या सापडल्या. डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी त्या सोडल्या नाहीत. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगवान गोळा मानला, तर त्याच्यावर आपटून लाटा तिथे येऊ शकतात, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. तो अंतर्गाभा. संगणक नव्हता. लाटांच्या वेळा पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लिहून ते पत्ते ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवलेले असत. १०४ वर्षं जगल्या. १०४ ऐकून वहीवाली हसली, छायाप्रदेश तिथूनच सुरू होतो ना.

वहीवालीनं आमच्या नोंदींचे पत्ते करून बिस्किटाच्या खोक्यात भरले आहेत. प्रदर्शनात मांडायचे.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रदर्शन झालं. टेबल मिळालं कोपऱ्यात, जिन्याखाली. पाटी, घण, चकत्या, आलेख, विहिरीचं चित्र, खोकं. परीक्षकांनी पहिलं विचारलं, "मॉडेल कुठंय?" घणवाल्यानं घण दाखवला. ते हसले. आलेखावर एक नजर टाकली आणि म्हणाले, रंगसंगती हवी होती. बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीला गेलं, व्हिनेगर आणि सोड्याच्या. फेस चांगला येत होता, मुलांनीही जाऊन पाहिला.

येताना गाडीत मी गप्प होतो. मुलं नव्हती. ती उलट भांडत होती, की प्रदर्शनातल्या फरशीवर ठोकलं असतं तर रेघ कुठे मोडली असती.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपल्यावर एक काका थांबले. नदीकाठी शेत आहे, विहीर खणायची आहे. पाणाड्याला बोलावून झालं. त्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली, ती नेमकी धुऱ्यावर निघाली, भावाच्या हद्दीत. "मास्तर, तुमच्या पोट्ट्यांनी त्या दिवशी मुरूम सांगतला म्हणे. आमचंही पाहा ना. पाणी किती फुटावर हाय?"

शंकावाली मधेच: "काका, पाणी नाई सांगत हे. दगड किती खाली हाय तेवढंच सांगते."

"तेवढं त सांगा."

दुपारी गेलो. पाटी टाकली, घण पडायला लागला. २ मीटरला ५, ४ ला १०, १२ ला ३०, १६ ला ४०, २४ ला ६०. रेघ कुठेच मोडेना. शेवटपर्यंत तीच चढण, वेग चारशे. आधी मला हवेच्या आवाजाचाच संशय आला, पण तो २४ मीटरला सत्तरच्या आसपास यायला हवा. तोही रेघेवर मागाहून आलेला दिसला. म्हणजे जमीनच. नदीचा गाळ. खालचा थर त्या शेतातल्या मुरमासारखाच धरला तर तीस-एकतीस फुटांच्या आत तो नाही. त्याच्या खाली काय, हे २४ मीटरच्या वायरीला दिसत नाही.

काका म्हणाले, "म्हणजे समजलं नाई काही."

"तीस फुटांपर्यंत दगड नाई, हे समजलं," वहीवाली म्हणाली. "पुढचं पाहाले लांब जा लागते."

डीजेवाल्याची मोठी वायर, साठ मीटरची, लग्नात गेली आहे. बुधवारी परत येते.